ख्रिस्ती विधी आणि लोकाचाराची सरकती सीमा

ख्रिस्ती विधींमध्ये ख्रिस्तपूर्व लोकधर्मांचे, म्हणजे चर्चने ‘पेगन’ ठरवलेल्या उपासनांचे, किती अंश उतरले याची चर्चा बहुधा नाताळच्या तारखेपासून सुरू होते. रोमन सम्राट ऑरेलियन याने इ. स. 274 मध्ये ‘अजिंक्य सूर्या’च्या उपासनेला राजाश्रय दिला होता, म्हणून 25 डिसेंबर हा सूर्याचाच सण असावा असे काही अभ्यासक मानतात, तर ख्रिस्ताची गर्भधारणा 25 मार्चची धरून नऊ महिन्यांच्या गणिताने ही तारीख आली, असे इतर म्हणतात. केवळ साम्यावरून उगम सिद्ध होत नाही. चर्चच्या धोरणाचा थेट पुरावा मात्र पोप पहिला ग्रेगरी याच्या 601 मधील पत्रात आहे: इंग्लंडमधील मूर्ती मोडाव्यात, पण देवळे शुद्ध करून वापरावीत आणि जुन्या बळींच्या जागी ख्रिस्ती सणांची जेवणे घालावीत, असे त्याने सुचवले होते.

जुन्या रीती मोडाव्यात की सामावून घ्याव्यात, हाच प्रश्न पुढे कोकण किनाऱ्यावर आला. 1579 मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने बायबलची कथा मराठी ओवीत रचली, ती 1616 मध्ये छापली गेली आणि तिला पुराणाचे रूप व ‘वैकुंठ’सारखे शब्द लाभले. तमिळ प्रदेशातील जेझुइट मिशनरी रॉबेर्तो दि नोबिली याने जानवे, शेंडी व चंदन हे सामाजिक आचार आहेत, धर्माचार नव्हेत, असा भेद मांडला आणि 1623 मध्ये पोपने तो काही अटींवर मान्यही केला. गोव्याच्या धर्मसमीक्षणसंस्थेने, म्हणजे इन्क्विझिशनने, 1736 च्या फर्मानात नेमका हाच भेद नाकारला आणि लग्नातील हळद, विडा, फुले व गाणी यांवर बंदी घातली. परंतु गोव्यातील धर्मांतराला जवळजवळ दोन शतके उलटल्यावरही असे फर्मान काढावे लागले, हीच त्या चालीरीती जिवंत असल्याची साक्ष होय. लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ हा विधी गोव्यात आजही टिकून आहे.

प्रभाव एकाच दिशेने वाहत नाही, हे म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीवरून, म्हणजे तेथील मरियेवरून, दिसते. लोकश्रद्धेने तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानले आणि तिच्या फेस्ताला (सणाला) हिंदूही तेल घेऊन जातात. म्हणजे येथे सात देवी एकमेकींच्या बहिणी असल्याच्या जुन्या कल्पनेनेच मरियेला आपल्या कुळात सामावून घेतले.

पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी अभंग व कीर्तन प्रॉटेस्टंट उपासनेत रुजवले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) कॅथलिक चर्चमध्येही स्थानिक भाषा व रीतींना वाट मोकळी केली. विधीचा उगम परका असला तरी त्याचा अर्थ तो पाळणाऱ्यांच्या श्रद्धेने ठरतो. धर्म कोणता आणि लोकाचार कोणता ही रेषा मात्र प्रत्येक काळी सत्ताधाऱ्यांनी आखली आणि घराघरांतील लग्नकार्यांनी ती पुन्हा पुन्हा सरकवली.