गुनाह कुणाचा?

खालाला सजद्यातून उठता येईना, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले आळस, कुणी म्हणाले गुनाहाची सजा. खरे सांगतो, मलाही तो आळसच वाटला. केस विंचरायला हात वर जाईना, जिना चढवेना, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला. निदान निघाले डर्मॅटोमायोसायटिस. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते.

कधी विषाणूचा संसर्ग याची ठिणगी ठरतो. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये २०२१ साली, कोविडच्या लाटेत, याच्याशी नाते असलेल्या एका आजाराचे रुग्ण एकाएकी वाढल्याचे तिथल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये मांडले. त्या रुग्णांच्या रक्तात 'एमडीए-५' या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे होती. हे प्रथिन म्हणजे पेशीत शिरलेला विषाणू ओळखणारा पहारेकरी! घराने आपल्याच पहारेकऱ्याला चोर ठरवले.

इथे गुन्हेगार कोण? शरीर वाचवायलाच निघाले होते, फक्त ओळखायला चुकले. तरी आपल्याला गुन्हेगार हवाच असतो. आजारी माणूस गुनाहगार ठरला, की आपण निर्दोष आणि म्हणून सुरक्षित, असा दिलासा मिळतो. त्या दिलाशासाठी आम्हीही आपल्याच माणसाला ओळखायला चुकलो.

उभे राहता येत नसेल तर बसून, बसवत नसेल तर पडून नमाज पढा, अशी सवलत शरियतने आजाऱ्याला दिली आहे. तिने हिशेब मागितला नाही. तो आम्ही मागत होतो.

खाला आता खुर्चीवर बसून नमाज पढते. दुआत आमचीही नावे घेते.