परसबागेतला वाटा

शाळेच्या परसबागेतली मेथी मध्यान्ह भोजनाच्या पातेल्यात पडते, तेव्हा ती विद्यार्थ्याला मिळालेले दान असते की त्याचा स्वतःचा वाटा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासला तरी धर्मविचाराला तो नवा नाही. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःपुरते शिजवणे सदोष ठरवले असून यज्ञशेष, म्हणजे इतरांचा भाग काढल्यावर मागे राहिलेले अन्न, तेवढेच निर्दोष मानले आहे. उरलेले खायचे ते देणाऱ्याने, घेणाऱ्याने नव्हे. शंकराचार्यांच्या भाष्यात दान म्हणजे संविभाग, अर्थात यथाशक्ती वाटून घेणे, असा अर्थ येतो आणि 1951 मध्ये सुरू झालेल्या भूदान चळवळीत विनोबांनी त्याचाच आधार घेतला.

यहुदी धर्मशास्त्राने हाच क्रम थेट शेतात आखून दिला. ‘पेआ’ म्हणजे कापणीच्या वेळी गरिबांसाठी सोडायचा शेताचा कोपरा. मिश्ना या संहितेनुसार तो किमान साठावा हिस्सा असावा, त्यातले पीक गरिबांनी स्वतः कापावे आणि ते कोणाला मिळावे हे मालकाने ठरवू नये. खजूर आणि मांडवावरची द्राक्षे काढताना पडण्याचे भय, म्हणून तेवढी मात्र मालकानेच उतरवून द्यायची. (नियम करणाऱ्यांनी झाडे जवळून पाहिली असावीत.) भाजीपाला साठवून ठेवता येत नसल्याने तो या नियमातून वगळला गेला, आणि परसबागेची खरी अडचण नेमकी इथेच आहे: पाने पिवळी पडू लागलेली पालकाची जुडी संध्याकाळी गरजू घरी पोचवली, तर तिला विल्हेवाट म्हणता येईल, संविभाग नव्हे.

जो वाफा खुरपेल त्यालाच भाजी, ही अटही तितकीच सदोष आहे, कारण तिच्यामुळे वाट्याची मजुरी होते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने 2013 मध्ये शाळेतील मोफत जेवण हा मुलांचा हक्क ठरवला, तो कोणत्याही श्रमाच्या बदल्यात नव्हे. मात्र त्याच कायद्याने शाळेच्या सुट्टीचे दिवस वगळले आहेत. म्हणून शाळांनी उन्हाळी वाफ्यांचे पाणी आणि त्यांतला गरजू कुटुंबांचा हिस्सा पेरणीआधीच ठरवावा. मे महिन्यात जेवण बंद असते, भूक नव्हे.