पाळीच नसेल तर पाळी जाते कशी?

मराठीत चाळिशी दोन गोष्टींना म्हणतात. एक वय, आणि दुसरा त्या वयात नाकावर येणारा चष्मा. पेपर लांब धरून वाचायला लागलं की घरातलं कुणीतरी हसत म्हणतं, "लागली वाटतं चाळिशी!" बाप्याला लागते, बाईला लागते, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. नंबर काढला की काम झालं.

साधारण याच वयात बाईच्या शरीरात आणखी एक बदल सुरू होतो. त्याला मात्र आपल्याकडे असा घरगुती शब्द नाही. डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात. पुस्तकात रजोनिवृत्ती सापडते, पण तो शेवट झाला. शेवटाआधीच्या काही वर्षांना ते नाव पुरत नाही. बोलण्यात आपण "पाळी जायची वेळ आली" म्हणतो. गंमत अशी की हे सगळे शब्द रक्ताशी बांधलेले आहेत. रज म्हणजे रक्त, पाळी म्हणजेही तेच. भाषेनं खुणेचंच नाव त्या बदलाला देऊन टाकलंय.

मग जिची पाळी गर्भनिरोधकामुळे चार-पाच वर्षांपूर्वीच थांबली आहे, तिची पाळी 'जाते' कशी? आणि ते तिला कळतं कसं?

वरवर हा स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारायचा प्रश्न आहे. पण मला त्यात एक जुना तात्त्विक प्रश्न दिसतो. खूण दिसत नसताना एखादी गोष्ट घडते आहे, हे कुणाच्या शब्दावर मानायचं?

आधी शरीराचं बघू. पेरिमेनोपॉजमध्ये अंडाशयांचं काम अनियमित होतं. इस्ट्रोजेन जिना उतरल्यासारखं पायरी पायरीनं कमी होत नाही; ते वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. त्यातून झोप तुटते, छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम गरम वाफ आल्यासारखं होतं, रात्री घामानं गाऊन भिजतो. कुणाला धडधडतं, कुणाचे सांधे दुखतात, कुणाला रोजची नावं आठवत नाहीत, कुणाला विनाकारण रडू येतं. योनीत कोरडेपणा येतो, जो बहुतेक जणी कुणालाच सांगत नाहीत. आणि पाळी मागेपुढे व्हायला लागते. सलग १२ महिने पाळी आली नाही, की मागे वळून म्हणायचं, ती शेवटची होती. भारतात हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. म्हणजे आपल्याकडे आधीचे हेलकावे चाळिशीच्या सुरुवातीलाही येऊ शकतात.

आता यात गर्भनिरोधक आणा. आपल्याकडे तांबी सगळ्यांना माहीत असते. तांब्याची तांबी पाळी थांबवत नाही, उलट कधीकधी जास्त जाते. पण हल्ली हॉर्मोनची कॉइलही बसवतात. लोक तिलाही तांबीच म्हणतात, जरी तिच्यात तांबं नसतं. ती गर्भाशयात थोडं थोडं लिव्होनॉर्जेस्ट्रेल सोडते, त्यामुळे आतलं अस्तर पातळ राहतं आणि रक्तस्राव कमी होतो. वर्षभरात साधारण पाचातल्या एकीची पाळी पूर्ण थांबते. पण अंडाशयं बहुतेक वेळा आपलं काम करतच असतात. पुढे ती डळमळायला लागली तर गरम वाफा येतील, झोप उडेल. कॅलेंडरवर मात्र काहीच दिसणार नाही, कारण कॅलेंडर आधीच कोरं आहे.

दोन हॉर्मोन असलेल्या गोळीचं उलट आहे. गोळी अंडाशयांना झोपवते आणि स्वतःचं इस्ट्रोजेन पुरवते, त्यामुळे वाफा झाकल्या जातात. २१ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी घेतली की ठरल्या दिवशी रक्तस्राव होतो. तो खऱ्या अर्थानं पाळी नसतो. हॉर्मोन बंद केल्यामुळे अस्तर सुटून येतं, एवढंच. ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी १९५० च्या दशकात गोळी तयार केली तेव्हा दर महिन्याची ही सुट्टी ठेवली, कारण बाईला सगळं नेहमीसारखं वाटावं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थेनं स्पष्ट सांगितलं, की या ७ दिवसांच्या सुट्टीचा आरोग्याला काही फायदा नाही. तरीही ४८ वर्षांची बाई तो ठरलेला रक्तस्राव बघून म्हणू शकते, "माझं तर घड्याळासारखं चालू आहे."

म्हणजे एकीकडे बदल आहे आणि खूण नाही. दुसरीकडे खूण आहे आणि ती ज्याची वाटते त्याची नाहीच.

माझ्या कामात हा प्रकार रोजचा आहे. सर्व्हर दर मिनिटाला 'मी जिवंत आहे' असा एक छोटा संदेश पाठवतो. फार अलर्ट यायला लागले की कुणीतरी ते म्यूट करतं, आणि त्यालाही योग्य कारण असतं. सहा महिन्यांनी स्क्रीन शांत असते. ती सगळं ठीक आहे म्हणून शांत आहे, की आपणच आवाज बंद केला म्हणून? हे वेगळं सांगता आलं नाही, तर त्या शांततेचा अर्थ शून्य. म्हणून चांगल्या टीममध्ये नियम असतो: अलर्ट म्यूट करणाऱ्यानं तिथेच लिहून ठेवायचं, की आता यावर लक्ष कसं ठेवणार.

यावर कुणी म्हणेल, म्हणूनच निसर्गाशी खेळू नये. मला हे पटत नाही. आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. जिला महिन्याला आठ-आठ दिवस रक्त जातं, तिच्यासाठी ते थांबणं ही सुटका आहे. नको असलेलं गरोदरपण टाळणं तर त्याहून मोठी गोष्ट. फक्त या सुटकेबरोबर एक माहिती हातातून जाते, आणि ती दुसऱ्या कुठल्या वाटेनं मिळवायची हे कुणी सांगत नाही.

रक्ततपासणीनं कळत नाही का? फारसं नाही. एफएसएच नावाचं हॉर्मोन या वयात इतकं वरखाली होतं, की एका दिवसाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. आणि दोन हॉर्मोनची गोळी चालू असेल तर तो आकडा गोळीनंच बदललेला असतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१५ च्या सूचना सांगतात, की ४५ च्या पुढच्या, एरवी निरोगी बाईचं निदान लक्षणांवरून करावं, त्यासाठी लॅबची गरज नाही. १२ महिन्यांचा नियमही तिथे हॉर्मोनचं गर्भनिरोधक न घेणाऱ्या बायकांपुरताच आहे. थोडक्यात, शेवटी हातात उरतं ते बाईचं सांगणं.

इथे मला न्यायशास्त्र आठवतं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे अनुमानाचं उदाहरण आपण ऐकलेलं असतं. पण नैयायिक लगेच बजावतात, की हे उलटं चालत नाही. आग आहे तिथे धूर असेलच असं नाही. त्यासाठी त्यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. आग पुरेपूर, धूर अजिबात नाही. कॉइल बसवलेल्या, रात्री तीन वाजता घामाघूम होऊन उठलेल्या बाईचं याहून चांगलं वर्णन मला सापडलं नाही. धूर नाही म्हणून आग नाही, असं तिला सांगणं हा तर्कदोष आहे, आणि तो पकडला जाऊन शेकडो वर्षं झाली.

मग धूर नसेल तर आग कळायची कशी? गोळा धरणाऱ्याला विचारून. न्यायसूत्रांत प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्यासोबत शब्द हेही प्रमाण आहे. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? वात्स्यायन (न्यायभाष्य लिहिणारा, कामसूत्रवाला नव्हे) म्हणतो, ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि ती जशीच्या तशी सांगायची इच्छा आहे, तो. ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखीच लागू, असंही तो पुढे सांगतो. मराठीत आल्यावर आप्त म्हणजे नातेवाईक झाला. बाईच्या शरीराबद्दल बोलायची वेळ आली, की आपल्याकडे हेच दुसरे आप्त जास्त बोलतात.

माझी मावशी नाशिकला शाळेत शिकवते. बेचाळिसाव्या वर्षी तिनं हॉर्मोनची कॉइल बसवली. पाळीत फार जायचं आणि गर्भनिरोधकही हवंच होतं. सात-आठ महिन्यांत पाळी थांबली आणि ती खूश होती. सेहेचाळिसाव्या वर्षी तिची झोप गेली. वर्गात मुलांची नावं आठवेनात. काका म्हणाले, मुलगा कॅनडाला गेला ना, त्याचं मनाला लागलंय. आजी म्हणाली, घरातलं सगळं अंगावर घेतेस, मग असंच होणार. एका डॉक्टरांनी सांगितलं, "पाळी कॉइलमुळे बंद आहे, आता कसं कळणार? टेन्शन कमी करा." प्रत्येकाकडे कारण तयार होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. मावशीनंही मानून टाकलं, की आपणच चिडक्या झालोय.

दीड वर्षानंतर दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी वीस मिनिटं नुसतं विचारलं. रात्री किती वेळा उठता? घाम कुठून सुरू होतो? पाच वर्षांपूर्वी असं व्हायचं का? मग थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. दोन्ही ठीक निघाल्यावर त्यांनी त्या बदलाचं नाव सांगितलं. मावशी मला फोनवर म्हणाली, "मी वेडी नाहीये, एवढं कळलं तरी निम्मं बरं वाटलं गं."

या दुसऱ्या डॉक्टरबाईंनी थायरॉइड तपासला, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऐकणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. थायरॉइड बिघडला तरी झोप जाते आणि धडधडतं, रक्त कमी असलं तरी थकवा येतो, आणि नैराश्य या वयातही येऊ शकतं. बाईचं सांगणं चुकीचं निघू शकतं, जसा कुठलाही पुरावा चुकीचा निघू शकतो. पण पुरावा तपासतात. तक्रार समजून घालवून देत नाहीत. पहिल्या डॉक्टरांनी मावशीचं म्हणणं खोटं पाडलं नाही. त्यांच्या लेखी तो पुरावाच नव्हता.

मिरांडा फ्रिकर या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ च्या पुस्तकात याला ज्ञानाच्या बाबतीतला अन्याय म्हटलं आहे. तिच्या मते तो दोन प्रकारे होतो. एक, सांगणारी कोण आहे हे बघून तिच्या शब्दाची किंमत कमी धरली जाते. दुसरा जास्त अवघड: जे होतंय त्याला समाजाकडे शब्दच नसतो, म्हणून ते भोगणारीलाही नीट कळत नाही, मग ती दुसऱ्याला काय सांगणार? मावशीला दोन्ही प्रकार भेटले. "पाळी जायला आलीय" हे तिला म्हणता येत नव्हतं, कारण पाळी केव्हाच गेली होती.

आणि मावशीला निदान दुसरीकडे जाता आलं. सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून 'अंतरा' हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन मोफत मिळतं, आणि त्यानंही अनेकींची पाळी थांबते. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात असल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, राज्य सरकारला समिती नेमावी लागली. अंडाशयं ठेवून गर्भाशय काढलं तरी कोडं हेच: पाळी नाही, बदल मात्र येणार. ओपीडीच्या रांगेत वीस मिनिटं कुणाच्या वाट्याला येतात? ज्या तपासणीचं साधन फक्त ऐकणं आहे, ती ज्याच्याकडे वेळ विकत घ्यायला पैसे नाहीत त्याला सगळ्यात महाग पडते.

म्हणून मला वाटतं, जबाबदारी कॉइल बसवायच्या दिवशीच सुरू होते. पाळी थांबेल एवढं सांगणं पुरत नाही. "चार-पाच वर्षांनी झोप, घाम, मूड यांत बदल वाटला तर पाळीची वाट बघू नका, माझ्याकडे या," हे वाक्यही त्या संमतीचा भाग असायला हवं. म्यूट करताना लिहायची नोंद ती हीच.

बाकी काही गोष्टी साध्या आहेत. तीन महिने फोनमध्ये रोज एक ओळ लिहायची: झोप, घाम, मन. गोळीवर असाल तर सुट्टीच्या आठवड्यात त्रास वाढतो का ते बघायचं. नुसतं कळावं म्हणून कॉइल काढायची घाई करायची नाही. हॉर्मोनचे उपचार घ्यायचे ठरले तर अस्तराच्या संरक्षणासाठी तीच कॉइल उपयोगी पडू शकते. गर्भनिरोधक आपल्या मनानं बंद करायचं नाही, कारण या वर्षांत दिवस राहू शकतात. खूप काळ थांबलेला रक्तस्राव अचानक परत आला, तर डॉक्टरांना दाखवायचंच. आणि हे सगळं चाळिशीच्या आत जाणवलं तर तपासण्या लागतात, तिथे नुसत्या लक्षणांवर थांबायचं नाही.

हे वाचणाऱ्या बहुतेकींना याला अजून पंधरा-वीस वर्षं आहेत. पण आपल्यातल्या कितीतरी जणी आज कॉइल निवडतायत, गोळ्या सलग घेतायत. त्या वयात पोचू तेव्हा आपल्या कॅलेंडरवर काही नसेल. आणि आपल्या आया, मावश्या, ऑफिसातल्या सिनियर ताई आत्ता तिथे आहेत. त्यांच्यापैकी कुणी "हल्ली काही सुचतच नाही" असं म्हणाली, तर लगेच कारण सुचवू नका. "कधीपासून?" एवढं विचारा, आणि ती सांगेल ते पूर्ण ऐका.