नाव आणि किंमत

पैठणीची किंमत महाराष्ट्रातल्या कुठल्याही लग्नघराला ठाऊक असते. ती कोणी विणली, हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं. गोधडीचं नेमकं उलट. ही आजीने शिवलेली, ती थोरल्या काकूच्या हातची, हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तिची किंमत विचारली तर सगळे एकमेकांकडे पाहतील, कारण ती कधी कोणी ठरवलेलीच नसते. हाताने घडवलेल्या कापडाच्या नशिबी आपल्याकडे अशी फाळणी आली आहे. जिथे पैसा आहे तिथे नाव नाही आणि जिथे नाव आहे तिथे पैसा नाही. आज शहरांमधून हस्तकलेची जी लहान लहान दुकानं दिसतात, त्यांच्याकडे मी फार आशेने पाहते ती यासाठी. ही फाळणी मिटू शकेल अशी जागा मला दुसरी दिसत नाही.

येवल्यात हातमागावर पैठणीचा पदर विणला जाताना पाहावा. जरीच्या अंगावर मोर उठवायचा तर मानेचा निळा, पिसाऱ्याचा हिरवा, चोचीचा लाल अशी प्रत्येक रंगाची वेगळी कांडी लागते. प्रत्येक रंगाचा धागा आपल्या हद्दीपर्यंत जातो, शेजारच्या धाग्यात गुंततो आणि मागे वळतो. हद्दी जितक्या, तितक्यांदा हेच करायचं, तेव्हा कुठे एक आडवी ओळ पुरी होते आणि फणी ठोकली जाते. त्यामुळेच पदर उलटा करून पाहिला तरी मोर तितकाच नेटका दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात, नाहीतर कापलेले दिसतात. भरजरी पदराच्या साडीला महिनेच्या महिने लागतात ते या वळणांपायी.

असावली, मुनिया, बांगडी मोर या नक्ष्या परंपरेने आलेल्या. पण मोराची मान किती वाकवायची, जांभळ्याशेजारी कुठला हिरवा खुलेल, जरी कुठे मोकळी सोडायची, हे मागावर बसलेला माणूस ठरवतो. चित्रकाराने असे निर्णय घेतले की आपण कोपऱ्यात त्याची सही शोधतो. विणकराच्या बाबतीत गावाचं नाव सांगून आपलं समाधान होतं. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काही कापडप्रकार हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा तर 1985 पासून आहे. या दोन्हींची गरज होती. त्यांनी कापडाला संरक्षण दिलं. पण रेशीम मालकाचं, जरी मालकाची आणि विणकराला नगावर मजुरी, अशी व्यवस्था जिथे आहे तिथे साडी विकली जाताना विणणारा त्या व्यवहारात कुठेच नसतो.

बरं, नाव लिहायचं ठरवलं तरी कोणाचं, हा प्रश्न उरतोच. धोटा एकाच्या हातात दिसतो, पण रेशीम उकलणं, कांड्या भरणं, नव्या ताण्याचे धागे जुन्या धाग्यांना एकेक करून सांधणं ही कामं बहुतेक वेळा घरातल्या बायका करतात. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशभरात विणकर आणि पूरक कामं करणारे मिळून 35 लाखांहून अधिक लोक मोजले गेले. त्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. तेव्हा साडीला जोडलेल्या चिठ्ठीवर एकच नाव लिहिलं, तर आपण एक अन्याय दूर करताना दुसरा तसाच ठेवला असं होईल. दोन नावांपुरती जागा त्या चिठ्ठीवर सहज असते.

आता गोधडीकडे येऊ. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, कडेने टाके घालायला सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन टाकत मध्यापर्यंत पोचायचं. चांगली गोधडी उजेडात धरून पाहावी. कुठे टाका तांदळाएवढा बारीक, कुठे एकदम लांब झालेला. एका बाजूची ओळ सरळ, तर समोरची किंचित चढती, म्हणजे तिथे दुसरी बाई शिवायला बसली होती. दोरा संपला तिथली गाठ थरांच्या आत दडवलेली. लाल तुकड्याशेजारी कुठला तुकडा लावायचा, हे कोणी शिकवलेलं नसतं. हाताशी असलेल्या चिंध्यांतून तो निर्णय घ्यावा लागतो आणि तो किती वेळा अचूक असतो! हे काम मायेचं म्हणून आपण त्याचं कौतुक केलं आणि मायेचं म्हणूनच ते फुकट ठरवलं. तिथे नजर होती, मोजमाप होतं, वर्षानुवर्षांचा सराव होता, हे लक्षात घ्यायचं राहून गेलं.

गोधडी दुकानात आली की तिला किंमत मिळते, पण तिच्यापुढे नवा धोकाही उभा राहतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया कामाच्या विटलेल्या कपड्यांतून गोधड्या शिवत. 1966 मध्ये त्या भागात अशा स्त्रियांची सहकारी संस्था निघाली आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांकडून मागण्या आल्या. पैसे हाती आले, पण दुकानांना सगळे नग एकसारखे हवे होते; ज्या मुक्त रचनेसाठी त्या गोधड्या अजोड होत्या, तिला तिथे वाव उरला नाही. पुढे 2002 मध्ये त्याच वस्तीतल्या जुन्या गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या, शिवणाऱ्यांच्या नावासकट. तरी 2007 मध्ये त्यांच्यातल्या काही जणींना आपल्या हक्काच्या पैशांसाठी न्यायालयात जावं लागलं. किंमत मिळाली तेव्हा हात हरवला आणि नाव मिळालं तेव्हा हिशेब. दोन्ही एकदम मिळणं किती अवघड आहे, ते इथे दिसतं.

लहान दुकानाकडून माझी अपेक्षा म्हणूनच मोठी आहे. तिथे माल हजारोंच्या संख्येने लागत नाही, त्यामुळे प्रत्येक नग वेगळा असला तरी चालतो. दुकान चालवणारीला शिवणारी माहीत असते आणि गिऱ्हाईकही समोर उभं असतं. ‘‘अहो ताई, एवढ्यात तर चार चादरी येतील,’’ असं कोणी म्हणालं, तर ती गोधडी उलगडून टाके दाखवू शकते, किती दिवस लागले ते सांगू शकते, कोणी शिवली ते सांगू शकते. गिऱ्हाईक तरीही विकत घेणार नाही कदाचित. पण टाका पाहायला शिकून बाहेर पडेल.

मात्र भिंतीवर कारागिराचा हसरा फोटो लावून हे काम पुरं होत नाही. माल ठेवून जा, विकला गेला की पैसे देऊ, असं अनेक ठिकाणी चालतं. त्यात पडून राहिलेल्या मालाची सगळी जोखीम, ज्याच्याकडे सर्वांत कमी शिल्लक आहे त्याच्यावर पडते. सूत आणायला आगाऊ रक्कम, माल हाती येताच चुकते पैसे आणि पुढच्या कामाची शाश्वती, एवढं दुकानाने पाळलं तरच चिठ्ठीवरच्या नावाला वजन येतं. एरवी ते नाव विक्री वाढवण्यापुरतंच वापरलं जातं.

असं कापड महाग असतं आणि ते विणणाऱ्याच्या घरालाही परवडत नाही, हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. यंत्रमागाने गरिबाच्या अंगावर धडका कपडा आणला, हे मोठंच काम झालं. सगळ्यांनी हातमागच नेसावा, असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांच्या कपाटात साड्यांना जागा उरलेली नाही, अशा आपल्यासारख्यांनी तरी पुढची खरेदी करताना काउंटरवर तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणी केलं, त्यांना पैसे कधी मिळाले आणि पुढचं काम त्यांना दिलंय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक दुकानं आनंदाने देतील. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचंही जे दुकान न अडखळता देईल, तिथे दोन पैसे जास्त मोजावेत आणि घासाघीस करू नये.