भोळेपणा कोणाचा?

अद्भुतावर आणि अफवांवर विश्वास ठेवणें हा अडाणी माणसांचा दोष आहे, अशी सुशिक्षितांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हें पाहण्यास दोन प्रसंग पुरे आहेत.

ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपतीची मूर्ति दूध पिते, अशी वार्ता देशभर पसरली. देवळांपुढें लागलेल्या रांगांत पदवीधरही होते. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या मूर्तीला टेकला कीं पृष्ठताणामुळें दूध ओढलें जातें व पातळ थरानें खालीं ओघळतें, हें शास्त्रज्ञांनीं रंगीत दूध वापरून दाखविलें. पण पृष्ठताणाचा धडा त्यांतील कित्येकांनीं शाळेंतच गिरविला होता! ज्ञान होतें, तें वापरण्याची इच्छा त्या दिवशीं नव्हती.

दुसरा प्रसंग १८९६ चा. मुंबईंत प्लेग शिरला, तेव्हां रुग्णालयांत नेलेल्यांना मुद्दाम मारतात, अशी अफवा उठली आणि ऑक्टोबरांत गिरणी-कामगारांच्या जमावानें आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. अफवा खोटी होती. परंतु रोग्याला घरांतून बळजबरीनें नेणारें सरकार परकें होतें आणि नेलेल्यांपैकीं पुष्कळ जण परत येत नव्हते. अविश्वासाला कारण होतें. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला.

पहिल्या विश्वासाचें मूळ आशेंत होतें, दुसऱ्याचें भयांत. उपहासानें यांपैकीं एकही बरें होत नाहीं.

मग ज्याचा विश्वास त्याच्यापाशीं, असें म्हणून आपण स्वस्थ बसावें काय? सर्पदंश झालेलें मूल मांत्रिकाकडे नेलें जातें, तेव्हां बापाच्या विश्वासाची किंमत मूल देतें. श्रद्धेच्या नांवावर चालणाऱ्या शोषणाविरुद्ध झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची ता. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रानें जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. कायदा भोंदूला शिक्षा करील. प्रश्न विचारण्याची संवय मात्र तो लावूं शकत नाहीं.

ती संवय घरांतच लागते. मुलानें ‘हें कशावरून?’ असें विचारलें असतां जो बाप रागावतो, त्यानें जगाच्या भोळेपणाबद्दल हळहळूं नये. आणि हा प्रश्न शेजाऱ्याच्या समजुतींना विचारण्यापूर्वीं, ज्या समजुती आपणांस सुखावतात त्यांनाच प्रथम विचारावा. तेथें तो विचारणें सर्वांत जड जातें. म्हणूनच आरंभ तेथून झाला पाहिजे.