नांगर टाकण्याचा हक्क

एखादी जागा आपल्याला आवडली, तिथे आपण पुन्हा पुन्हा गेलो, म्हणून ती आपली होते का?

नकाशावर लक्षद्वीपपासून बोट खाली सरकवत नेले की मालदीव लागतो आणि समुद्राखालच्या त्याच डोंगररांगेच्या दक्षिण टोकाला चागोस बेटे. शिडाच्या बोटीतून जग फिरणाऱ्या हौशी मंडळींना तिथले सॉलोमन कंकणद्वीप फार प्रिय. बेटांच्या कड्याने वेढलेले शांत पाणी. बाहेर महासागर उसळत असला तरी आत बोट निवांत उभी राहते. एके काळी कित्येक बोटी बोदाम बेटाच्या आडोशाला महिनोन्‌महिने नांगर टाकून राहत, मासे पकडत, नारळ खात आणि पुढे केव्हातरी परतून येत. नंतर परवाना आला, फी आली, मुक्काम जास्तीत जास्त २८ दिवसांवर आला.

त्याच किनाऱ्यावर पडके चर्च आहे, विहीर आहे, थडगी आहेत. म्हणजे तिथे गाव होते.

१९६५ साली ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली आणि दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी दिले. १९६८ ते १९७३ या काळात सर्व बेटांवरची दीड-दोन हजार माणसे हलवली गेली. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची आणि हिंदुस्थानी मजुरांची ही लेकरे, पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या बागांत राबलेली. कुणी औषधपाण्यासाठी मॉरिशसला गेले होते. त्यांना परतीची बोटच नाकारली गेली.

मजलिशीतून कुणी जरा वेळ उठला आणि परतला, तर जागा त्याचीच, हा अदब आपल्याला लहानपणापासून शिकवलेला असतो. उठला म्हणजे हक्क सोडला असे होत नाही. आणि इथे तर उठवलेच गेले होते.

दर्यावर्दींचाही एक अदब आहे. नांगर टाकलेली बोट एका जागी थांबत नाही, वारा आणि भरती-ओहोटीबरोबर ती नांगराभोवती फिरते. मागाहून येणाऱ्याने आधीच्या बोटीला फिरायला पुरेल एवढे पाणी सोडून आपला नांगर टाकायचा. आधीचा निघून गेला की त्या पाण्यावर त्याचा दावा उरत नाही. नियम चांगलाच आहे, पण तो पाण्याचा. जिथे माणसाचे पूर्वज पुरलेले आहेत त्या जमिनीला तो कसा लागू करायचा?

शिडवाला म्हणेल, आम्ही कुणाला हाकलले नाही. आम्ही गेलो नाही म्हणून ते लोक परत येणार आहेत का? खरे आहे. त्याला गुन्हेगार ठरवणे आम्हाला पटत नाही. आमची हरकत एका शब्दाला आहे. 'निर्जन बेट' असे म्हणून तो खूश होतो. आमच्या कोकणात आखातात गेलेल्या कुटुंबाचे घर दहा-दहा वर्षे उघडत नाही, अंगणात गुडघाभर गवत वाढते. तरी ते रिकामे आहे असे शेजारी म्हणत नाही. बंद आहे, म्हणतो. किल्ली बहुधा त्याच्याच घरी खुंटीला असते. तिथल्या सावलीत बसायला त्याची ना नसते, पण घर कुणाचे हे विचारले तर तो मालकाचे नाव सांगतो.

२०१० साली ब्रिटनने हा सारा समुद्र संरक्षित जाहीर केला. प्रवाळ जपले पाहिजे, यात वाद नाही. पण ज्यांच्यापासून ते जपायचे त्यांत तिथलीच माणसे धरली गेली, हे आम्हाला विचित्र वाटते. परवाना मिळवून हौशी माणूस नांगर टाकू शकत होता. तिथे जन्मलेली बाई तिथे राहायला जाऊ शकत नव्हती. २००६ साली शंभरएक चागोसवासीयांना वाडवडिलांच्या कबरींना भेट द्यायला थोड्या दिवसांसाठी नेले आणि परत आणले. मे २०२५ मध्ये बेटे मॉरिशसला देण्याच्या करारावर सह्या झाल्या. त्यात इतर बेटांवर वस्तीची मुभा आहे, दिएगो गार्सियावर नाही. आम्हाला विचारले कुणी, असे त्यांच्यातले बरेच जण म्हणतात.