तकदीर, चूक आणि अमानत

सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून नागपूरच्या रुग्णालयांत लहान मुले आणली जाऊ लागली. आजार साध्या सर्दी-तापाने सुरू झालेला. पण मूत्रपिंडे निकामी झालेली. वीसहून अधिक बालके दगावली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या औषधाच्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के आढळले, मर्यादा ०.१ टक्क्याची आहे. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन, आणि त्या वर्षी त्याचा विषय नवजात व बालकांची सुरक्षित शुश्रूषा हाच होता.

अशा प्रसंगी आपल्या ओठांवर ‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द येतात. शोकाकुल मातेसाठी तो आधार आहे. परंतु हेच शब्द औषध बनविणाऱ्याने किंवा तपासणाऱ्याने उच्चारले तर? सब्र हा पीडिताचा सद्गुण आहे. जबाबदाराची ती ढाल नव्हे.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. हे विष रंगहीन व चवीला गोडसर असते; औषधात वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीनपासून ते डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाही, प्रयोगशाळेला येते. म्हणून कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी हीच येथे उंटाची दोरी होय. ती न बांधता केलेला तवक्कुल म्हणजे निष्काळजीपणाला दिलेले धार्मिक नाव.

कोणी म्हणेल, हेतू वाईट नव्हता. अनवधानाने घडलेल्या चुकीला क्षमा आहे. खरे आहे. तरीही सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठीही दियत व प्रायश्चित्त सांगितले आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीस जबाबदार ठरतो, हेही हदीसमध्ये आले आहे. म्हणजे हेतूचा हिशेब अल्लाहकडे. हानीचा हिशेब मात्र माणसांतच चुकता करावा लागतो.

शिवाय ही चूक पहिली नव्हती. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने पुरवठादारापासून मंत्र्यांपर्यंत सर्वांची झाडाझडती घेतली. श्रद्धावंत एकाच बिळातून दोनदा दंश करून घेत नाही, असे प्रेषितवचन सांगते. जो धडा उपलब्ध असूनही घेतला गेला नाही, त्याला ‘चूक’ म्हणण्याचा अधिकार आपण गमावून बसतो.

मग उपाय कठोर शिक्षा हाच का? जाणीवपूर्वक तपासणी टाळणाऱ्यासाठी निश्चितच. परंतु थकलेल्या परिचारिकेच्या हातून चुकीची मात्रा गेली आणि तिने ती भीतीपोटी लपविली, तर पुढच्या रुग्णाचाही बळी जाऊ शकतो. तौबेची पहिली पायरी कबुली आहे; आणि बंद्यांच्या हक्कांबाबत ज्याचे नुकसान झाले त्याच्याशी हिशेब मिटविल्याविना तौबा पूर्ण होत नाही. म्हणून कबूल करणाऱ्याला संरक्षण आणि लपविणाऱ्याला जाब, हा न्याय रुग्णालयांनी अंगीकारावा. रुग्णाच्या नातलगांना सत्य सांगणे हा उपकार नव्हे. ते त्यांचे देणे आहे.

आपणही विचारावे: हे औषध कशासाठी, किती, आणि या वयाच्या मुलाला चालते का? औषधाची बाटली जपून ठेवावी, शंका आल्यास तक्रार नोंदवावी. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. रुग्ण ती क्षणभर दुसऱ्याच्या हाती सोपवितो. त्या हाताला आपण जाब विचारतो, तेव्हा तकदीर नाकारीत नाही; अमानतीची आठवण करून देतो.